बोट क्रमांक तीन

टेबलावर काडेपेटीएवढा सेन्सर,
पालीवर टपलेल्या मांजरासारखा वर तोंड करून.
त्याच्यावर वीतभर अंतरावर हात धरायचा
की पडद्यावर हाडं उगवतात:
सांधे म्हणजे ठिपके, मधे रेघा,
कातडीबितडी काही नाही.

काम साधं. साखर पेठेतल्या चिलवेरी शेटना
घडी न मोडता चादरी दाखवायच्यात.
गिऱ्हाईक हात हलवणार, नमुना उलटणार,
मूठ मिटली की रंग बदलणार.
"आमचा माणूस शंभर चादरी उलगडतो
आणि बाई घेते एक पंचा."

पहिला आठवडा उन्हाने खाल्ला.
सेन्सर बघतो अदृश्य उजेडात
आणि एप्रिलच्या सोलापुरात
तसला उजेड खिडकीतून पोत्यांनी आत येतो.
हात दिसेना. कधी तीन दिसायचे,
त्यातला एक भिंतीवर.
शेवटी खिडकीला चादर लावली, मोराची,
तेव्हा प्रोग्रॅमला हात सापडला.

दुसरा आठवडा मागांनी.
खालच्या कारखान्यात आठ माग,
खट्याक्-खट, खट्याक्-खट,
टेबल थरथरतं, सेन्सर थरथरतो,
माझ्या स्थिर हाताला पडद्यावर नव्वदीचा कंप.
मागच्या दहा फ्रेम्सची सरासरी काढली.
कंप गेला, पण हात आळशी झाला,
हाकेला उशिरा ओ देणाऱ्या पोरासारखा.
पाच केल्या. मग सात.

गुरुवारी दुपारी वीज गेली, माग थांबले.
लॅपटॉप बॅटरीवर होता.
पाणी प्यायला मामा वर आले,
यनगंदूल मल्लेशम, एकतीस वर्षं टॉवेलवर.
म्हटलं, मामा, हात द्या जरा.
"डावा की उजवा? उजव्यात थोडं कमी आहे."
मला वाटलं, थट्टा.

उजवा धरला त्यांनी, तळवा खाली.
अंगठा शून्य, तर्जनी एक, मधलं दोन,
तीन. चार.
सगळी.

मग मी हाताकडे बघितलं.
तीन अर्ध्यावर संपलं होतं,
टोकाला कातडीची गाठ, गुळगुळीत.
पडद्यावर मात्र पुरं, शेवटच्या पेरापर्यंत,
मूठ मिटली की तेही मिटत होतं.

काय झालंय ते मला कळत होतं.
ज्या हजारो हातांवरून हा हात शिकला
त्यांना पाच-पाच बोटं होती;
उरलेलं तो अंदाजाने भरतो.
त्याला 'दिसत नाही' कळतं,
'नाही' कळत नाही.
हे मी मामांना सांगत होते, फार भरभर,
आणि ते ऐकत नव्हते.
बोट हलवत होते. नसलेलं.
वर. खाली. एकदा नुसतंच.
सात फ्रेम्स उशिरा ते त्यांना ओ देत होतं.

वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार.
काय बोलायचं त्याची तयारीही केली मी.

"हे काढ," मामा म्हणाले.
"ह्याचे साडेनऊ हजार घेतलेत मी,
शहाण्णव साली. धाकट्या बहिणीचं लग्न लागलं त्यात.
परत आलेलं दिसलं
तर मालक हिशेब मागेल."
हसले. तेलुगूत काहीतरी म्हणाले, स्वतःशीच.
मी विचारलं नाही.

वीज आली. खाली पहिला माग सुरू झाला,
पडद्यावर हात कापायला लागला.
मामा जिना उतरून गेले, पाणी न पिता.

रात्री कोड उघडला.
बोट वगळायची सोय लायब्ररीत नाही,
हात पाचांचाच, असं तिथे ठरलेलं आहे.
मग मीच लिहिली एक अट:
क्रमांक तीन, मधल्या सांध्यापुढे रेघ नको.
वर टीप, पुढच्या माणसासाठी:
ही चूक नाही, हात असाच आहे.

शोरूममध्ये हे कुणाला दिसणार नाही.
तिथे पडद्यावर हात नसतोच,
नुसती चादर असते.